ऊन पाण्याची कैफियत

नरक चतुर्दशीच्या पहाटे, चंद्र नुकताच उगवला असता आणि सूर्योदय अद्याप व्हायचा असता, अंगाला तेल-उटणे चोळून घेतलेली घरातली सारी माणसे एकामागून एक न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभी राहतात, आणि जे यंत्र वर्षभर मुकाट्याने आपले काम करीत आले त्याची खरी परीक्षा त्या एका तासात होते. पहिल्याचे अभ्यंगस्नान यथासांग पार पडते. दुसऱ्यालाही तक्रारीस फारशी जागा राहत नाही. तिसऱ्याच्या डोक्यावर येते ते पाणी कोमट असते. आणि चौथा, डोळ्यांत उटणे गेलेल्या अवस्थेत, आतून ओरडतो की ऊन पाणी संपले. मग दाराबाहेर आपापसांत चौकशी सुरू होते, की आधीच्याने बादल्या किती घेतल्या. त्यातून सणाच्या दिवशी दोन शब्द कमीजास्त होतात, आणि शेवटी एका निर्णयावर सर्वांचे एकमत होते: गीझर लहान आहे, मोठा आणला पाहिजे.

वर्धा जिल्ह्यात ही फिर्याद वर्षातून अडीच-तीन महिनेच उद्भवते, हे बाहेरच्या वाचकाला सांगितले पाहिजे, कारण वर्धा म्हटले की त्याच्या मनात उन्हाळा येतो, आणि ते चूकही नाही. वैशाखात येथे पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हाताला सोसवत नाही, आणि पुष्कळ घरांत रात्रीच बादल्या भरून ठेवतात, त्या सकाळपर्यंत निवाव्यात म्हणून. तीच टाकी पौषात, थंडीच्या लाटेत पारा १० अंशांच्या आसपास उतरला म्हणजे, रात्रभर उघड्या आभाळाखाली गारठून, पहाटे गीझरच्या पोटात इतके थंड पाणी सोडते की यंत्राच्या अंगावरचे काम ऐन वेळी दुपटीने वाढते. गीझर तोच, माणसे तीच, स्नानही तेच. बदलते ते आत येणाऱ्या पाण्याचे तापमान, आणि नेमका त्याचाच विचार कोणी करीत नाही.

हा लेख त्या एकमताच्या निर्णयाविरुद्ध आहे. वर्ध्यातल्या रामनगर, गोंडप्लॉट, नालवाडी या वस्त्यांतून आणि आसपासच्या काही खेड्यांतून गीझर दुरुस्त करीत हिंडणाऱ्या एका जुन्या मिस्त्रीच्या मागून हिंडताना, आणि त्याने सांगितलेल्या गोष्टी कागदावर गणित मांडून ताडून पाहताना, माझी अशी खात्री झाली की ‘पाणी पुरत नाही’ या तक्रारीचे कारण यंत्राच्या लहानपणात क्वचितच असते. ते बहुधा तीन ठिकाणी सापडते: उष्णता किती वेगाने आत येते, थंड पाणी कोठून शिरते, आणि तापलेले पाणी कोणत्या वाटेने नाहीसे होते. या तिन्हींची तपासणी केल्यावाचून मोठे यंत्र आणणे म्हणजे जमाखर्च न पाहता तिजोरी मोठी घेण्यासारखे आहे.

जुन्या बंबाचे येथे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तांब्याचे उभे नळकांडे, त्याच्या मधोमध धूर जाण्याची नळी, खाली जाळी, जाळीखाली राखेची जागा, आणि बाजूला पितळी तोटी. शहरात वखारीतून आणलेले बंबफोड लाकूड, आणि वर्ध्याच्या शेतकऱ्याच्या घरी कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, नाहीतर गोवऱ्या. बंबाचे सारे व्यवहार उघडे असत. जाळ दिसत असे, तो मंद झाला तर कोणीतरी चार पऱ्हाट्या आत सारीत असे. पाणी किती शिल्लक आहे हे झाकण काढून पाहता येत असे. आणि ज्याने एक बादली ऊन पाणी काढले त्याने एक बादली थंड पाणी ओतलेच पाहिजे, हा घराचा हुकूम असे, कारण बंब कोरडा तापला तर त्याच्या सांध्यांचा डाख सुटून तो गळू लागतो. बंबाचा एक प्रकार तर असा होता की वरच्या नरसाळ्यातून थंड पाणी ओतल्यावाचून तोटीतून ऊन पाणी येतच नसे: थंड पाणी नळीवाटे थेट तळाशी जाई आणि तापलेले, हलके झालेले पाणी वरून बाहेर लोटले जाई. आजचा गीझर नेमका याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच की नरसाळ्याच्या जागी नळ आला, जाळाच्या जागी विजेची कांडी आली, आणि सगळा व्यवहार पत्र्याच्या बंद कवचाआड गेला.

वर्ध्यात तर या प्रश्नाचा विचार फार आधी आणि फार गांभीर्याने झालेला आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे येथे मगनवाडीत होते. जमनालाल बजाजांनी दिलेल्या त्या जागेत, जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली, घाणी, जाते, कागद, दिवा यांच्याबरोबर चुलीवरही प्रयोग झाले, आणि त्यांतून निघालेली धुराड्याची ‘मगन चूल’ पुढे पुष्कळांच्या परिचयाची झाली. गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये उघडलेले मगन संग्रहालय आजही तेथे उभे आहे. तितक्याच सरपणात अधिक काम कसे व्हावे, वाया जाणारी आच कशी अडवावी, हा त्या चुलीमागचा विचार होता. आणि आपल्या घरोघरच्या चुलीला वैल काढून, मुख्य तोंडावर भाकरी होत असता बाजूच्या आचेवर पाण्याचा गंज तापत ठेवणाऱ्या बायकांना तो विचार कोणी शिकवावा लागला नव्हता. जाता जाता एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: वर्धा जिल्ह्यातले जे न्हाणीघर सर्वांत अधिक लोकांनी पाहिले असेल ते सेवाग्रामच्या बापूकुटीतले, आणि त्या कुटीत राहणाऱ्या गृहस्थाने ‘आरोग्याची किल्ली’ या पुस्तकात पाण्याच्या प्रकरणी जर्मन निसर्गोपचारक कुन्हे यांच्या ज्या कटिस्नानाची शिफारस केली ते थंड पाण्याचे होते. आपल्यापैकी बहुतेकांची पौषातली तेवढी तयारी नसल्याने, ऊन पाण्याच्या हिशेबाकडे वळलेले बरे.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. हा आकडा कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीने कमी होत नाही. घरोघर असतो तो १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर धरू. टाकीतले पाणी १८ अंशांचे आणि गीझर ६० अंशांवर लावलेला धरू. असे पाणी तापण्यास २२ मिनिटे लागतात. पण ६० अंशांच्या पाण्याने कोणी स्नान करीत नाही. त्यात विसण घालून ते ४० अंशांवर आणले म्हणजे १५ लिटरांचे साधारण २८ लिटर होतात, म्हणजे मोठ्या बादलीने दीड बादली. डोक्यावरच्या शॉवरमधून मिनिटाला १० लिटर पाणी पडत असेल तर हा सारा साठा तीन मिनिटांच्या आत संपतो, आणि संपलाच पाहिजे. त्यात यंत्राचा दोष काडीमात्र नाही. ज्यांनी बादली-तांब्याने स्नान करण्याची पद्धत सोडून शॉवर बसवला, पण गीझर बादलीच्या काळातलाच ठेवला, त्यांच्या निम्म्या तक्रारींचा निकाल येथेच लागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. एका माणसाच्या स्नानाला ४० अंशांचे २० लिटर पाणी धरले, तर १८ अंशांच्या पाण्यापासून ते तयार करण्यास २ किलोवॅटच्या कांडीला पंधरा मिनिटे लागतात. टाकी १५ लिटरची असो वा २५ लिटरची असो, हे पाव तासाचे मोजमाप बदलत नाही, कारण दोन्हींत कांडी बहुधा तितकीच असते. सहा माणसांच्या घरी १५ लिटरच्या जागी २५ लिटरचा गीझर आणला, तर पहिल्या साठ्यात सुमारे २० लिटर अधिक मिळतात, म्हणजे एका माणसाचे स्नान; आणि त्या मोठ्या साठ्यासाठी प्रारंभी २२ ऐवजी ३७ मिनिटे थांबावे लागते. मोठा गीझर पंधरा मिनिटे आधी लावला तरच त्याचा फायदा पदरात पडतो, आणि लहान गीझर तितक्याच लवकर लावून माणसांच्या स्नानांत थोडे अंतर ठेवले तर शेवटच्या माणसाची पाळी त्याच सुमारास येते. सबब, सहा माणसांना दीड तासाचा वेळ दिला तर छोटे यंत्र पुरते. अर्ध्या तासात सर्वांना उरकायचे असेल तर २५ लिटरचेही पुरणार नाही. ज्या घरात सगळ्यांनाच आठ वाजता बाहेर पडायचे असते त्या घरी मोठ्या यंत्राची तजवीज योग्यच आहे. पण ती कोणी हिशेब करून केलेली मला अद्याप आढळली नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. मिस्त्रीची पद्धत मला आवडली ती अशासाठी की तो आल्या आल्या यंत्र उघडत नाही. तो आधी विचारतो की पाणी अजिबात तापत नाही, की तापते पण लवकर संपते, की पूर्वी पुरत होते आणि आता पुरेनासे झाले. या तीन प्रश्नांच्या उत्तरांतच अर्धा निवाडा असतो. मुळीच न तापणारे पाणी हा कांडीचा, थर्मोस्टॅटचा किंवा तुटलेल्या विजेचा मामला. पूर्वीपासूनच न पुरणारे पाणी हा हिशेबाचा किंवा जोडणीचा मामला. आणि पूर्वी पुरत असून हळूहळू कमी झालेले पाणी हा क्षाराचा, झिजेचा किंवा कोणीतरी केलेल्या फेरफाराचा मामला.

एका नव्या घरात, जेथे यंत्र नुकतेच बसवले होते आणि पहिल्या दिवसापासून अर्ध्या बादलीपलीकडे ऊन पाणी मिळत नव्हते, त्याने दोन्ही नळ्यांना क्षणभर हात लावला आणि घरमालकांना म्हणाला, “काकाजी, मशीन बराबर आहे, पाइप उलटे लागले.” भिंतीवरच्या उभ्या गीझरला दोन्ही नळ्या खालूनच लागतात, पैकी निळ्या खुणेची वाट थंड पाण्याला तळाशी सोडते, आणि लाल खुणेची नळी आतून थेट माथ्यापर्यंत गेलेली असते, कारण तापलेले पाणी हलके होऊन वर साचते आणि तेथूनच ते उचलायचे असते. नळ्यांची अदलाबदल झाली की थंड पाणी माथ्यावर ओतले जाते, ते खाली बसताना साऱ्या ऊन पाण्यात मिसळते, आणि तळाचे कोमट पाणी नळाला येते. यंत्र पूर्ण वेळ चालते, वीज पूर्ण जळते, आणि स्नान मात्र होत नाही. हीच लक्षणे जुन्या यंत्रात अचानक उद्भवली तर आतली उभी नळी गंजून भोक पडल्याचा संशय घ्यावा. उभा गीझर जागेअभावी आडवा टांगल्यानेही ऊन-थंड पाण्याचे थर मोडतात. तसेच इमारतीत दाबाचा पंप असून पाणी फार जोराने शिरत असले तर ते तळाशी शांतपणे न पसरता सारा साठा ढवळून काढते. ६० अंशांचे पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा जेमतेम दीड टक्क्याने हलके असते. एवढ्याशा फरकावर गीझरचा सारा संसार उभा असल्याने, आत खळबळ झाली की तो मोडतो.

दुसरी चोरवाट मिक्सरची. भिंतीवरच्या मिक्सरमध्ये थंड आणि ऊन दोन्ही चाव्या उघड्या ठेवून, पुढच्या हातातल्या फवाऱ्याचे बटण तेवढे बंद करण्याची सवय असेल, तर ज्या बाजूला दाब अधिक त्या बाजूचे पाणी दुसरीकडे घुसते. थंड पाणी ऊन पाण्याच्या नळीत शिरून बसते, आणि मग शेजारच्या न्हाणीघरातला माणूस कोमट पाण्याची तक्रार करतो. ही शंका दूर करण्यास हत्यार लागत नाही. गीझरकडे जाणाऱ्या थंड पाण्याची चावी बंद करावी आणि ऊन पाण्याचा नळ उघडावा. घटकाभराने धार थांबली तर जोडणी स्वच्छ, आणि ती वाहतच राहिली तर थंड पाणी कोठून तरी मागच्या दाराने येत आहे असे समजावे. उलट, थंडीतसुद्धा थंड पाण्याच्या नळातून आधी ऊन पाणी येत असेल, तर परत न जाऊ देणारा व्हॉल्व्ह निकामी होऊन, गच्चीवरची टाकी रिकामी झाली की गीझरचे पाणी उलटे उतरते आहे.

थर्मोस्टॅटविषयी एवढेच सांगतो की, वीज वाचावी म्हणून घरातील कोणीतरी त्याचा खुंटा ६० वरून ४५ अंशांवर फिरवून ठेवतो आणि विसरतो. ४५ अंशांच्या १५ लिटरांत विसण घालून ४० अंशांचे पाणी १८ लिटरच होते. दीड बादलीची एक बादली झाली, आणि बिघाड काहीच नाही.

विजेच्या दाबाचा प्रश्न मात्र शहरापेक्षा खेड्यांत गंभीर आहे, आणि तो विस्ताराने सांगण्यासारखा आहे, कारण त्याचे परिणाम सामान्य माणसाच्या अंदाजापेक्षा फार मोठे असतात. नोव्हेंबरपासून गहू-हरभऱ्याचे ओलीत सुरू होते. एकाच रोहित्रावरचे मोटारपंप एकदम चालू झाले की घरातले दिवे पिवळे पडतात, आणि २३० व्होल्टांच्या जागी १८० व्होल्ट उरतात. लोकांना वाटते की दाब पाचव्या हिश्श्याने कमी झाला तर उष्णताही तितकीच घटेल. परंतु कांडीची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती ६१ टक्क्यांवर येते, म्हणजे २ किलोवॅटची कांडी सव्वा किलोवॅटचीही राहत नाही. जे स्नान पंधरा मिनिटांत तयार व्हायचे त्याला पंचवीस मिनिटे लागतात. सहा माणसांचा दीड तास अडीच तासांवर जातो. सेलू तालुक्यातल्या एका घरी दोन वेळा कांडी बदलून झाली होती, आणि दोन्ही जुन्या कांड्या शाबूत होत्या. मिस्त्रीने तारेभोवती मापकाचा चिमटा लावून दाखवले की जेथे पावणेनऊ अँपियरच्या आसपास आकडा दिसायला हवा तेथे सातही धड नव्हते. उपाय फार सोपा निघाला. पंप सुरू होण्याच्या आधी, रात्री उशिरा किंवा अगदी पहाटे, पाणी तापवून ठेवायचे. चांगल्या गीझरच्या कवचात उष्णतारोधक भरलेले असल्याने ते दोन-चार तासांत फारसे निवत नाही.

आता क्षार. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे, आणि त्या पाषाणात मुरलेले विहिरी-बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ही त्याची घरगुती परीक्षा. धाम नदीचे नळाला येणारे पाणी त्या मानाने बहुधा हलके. म्हणून शहरात नळाच्या पाण्यावर वर्षानुवर्षे चाललेला गीझर, उन्हाळ्यात टंचाई पडून बोअरला जोडला की दोन हिवाळ्यांत कुरकुरू लागतो. पाण्यात विरघळलेला कॅल्शियमचा बायकार्बोनेट तापवल्यावर फुटतो, आणि न विरघळणारा चुना कांडीवर, तळाशी, भिंतींवर बसतो. तापताना यंत्रातून तडतड किंवा गुरगुर ऐकू येते ती याच थराखाली अडकलेल्या वाफेची.

या बाबतीत एक गैरसमज इतका रूढ आहे की तो जाणत्या माणसांच्याही तोंडी असतो: कांडीवर क्षार बसला की वीज जळते पण पाणी तापत नाही. बंबाच्या बाबतीत हे अक्षरशः खरे होते. धुराच्या नळीवर पाण्याच्या बाजूने चुन्याचा थर चढला की जाळाची आच पाण्यात न शिरता धुराड्यातून निघून जाई आणि सरपण अधिक लागे. विजेच्या कांडीला मात्र धुराडे नाही. ती पाण्यात बुडालेली असल्याने तिची उष्णता आज ना उद्या पाण्यातच येते; जाणार कोठे? क्षाराचे नुकसान वेगळ्या वाटेने होते. थराखाली कांडी स्वतः भलतीच तापते आणि लवकर जळते. तिच्या शेजारच्या थर्मोस्टॅटच्या नळीवर चुना बसला तर त्याला खोटी वर्दी जाते आणि तो पाणी अर्धवट तापले असताच वीज तोडतो. आणि वरचेवर फार तापल्याने सुरक्षेचा कटआउट पडतो. तेव्हा जास्त वीज आणि कमी पाणी अशी तक्रार असेल तर क्षाराकडे बोट दाखवण्याआधी गळणारा नळ आणि उलटी जोडणी तपासावी. गीझरवरचा दिवा अवेळी विझतो आणि पाणी कोमटच राहते अशी तक्रार असेल तर मग क्षार. काढलेली कांडी लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात भिजवली की थर सुटतो. तो छिन्नीने ठोकून काढणाऱ्या उत्साही गृहस्थांनी कांडीचे आवरण चिरून घेतल्याचे दाखले पुष्कळ आहेत. त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची सळई पाहून घ्यावी. टाकीचा गंज आपल्या अंगावर घेऊन झिजणे एवढेच तिचे काम आहे. ती संपली की टाकीची पाळी येते. जड पाण्याच्या गावी दरवर्षी दिवाळीच्या आधी हे एकदा व्हावे.

सौर बंब वर्ध्यासारख्या लख्ख उन्हाच्या मुलखाला सर्वांत शोभणारा, आणि येथल्या गच्च्यांवर तो आता नवलाचा राहिलेला नाही. त्याच्या तक्रारीही वेगळ्या. काचेच्या नळ्यांत तापलेले पाणी आपोआप वर चढून टाकीत जाते आणि थंड पाणी खाली उतरते. पंप नाही, वीज नाही. पण जेवढे ऊन पाणी काढावे तेवढे थंड पाणी तळातून तत्काळ आत येते, आणि सूर्य मावळल्यावर ते तापवणारा कोणी नसतो. रात्री भांडी-धुण्याला सढळ हाताने ऊन पाणी वापरणाऱ्या घरात पहाटे कोमट पाणी आले तर दोष सूर्याचा नव्हे. खेरीज, नळ्यांवर धूळ बसते, शेजारी नवा मजला चढून सावली पडते, हवा जाण्याची नळी तुंबून पाणी अडते, आणि बोअरचे पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतोच.

सौर बंबाची सर्वांत दुर्लक्षित गळती मात्र गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतच्या नळात आहे. पंधरा मीटर लांबीच्या अर्ध्या इंची नळात सुमारे अडीच लिटर पाणी मावते; तोच नळ, ‘धार मोठी यावी’ म्हणून, एक इंची घेतला तर सात लिटरांहून अधिक. म्हणजे पहाटे प्रत्येक जण, पाणी ऊन येईपर्यंत, सात लिटर थंड पाणी मोरीत सोडणार, आणि स्नान झाल्यावर सात लिटर ऊन पाणी नळातच निवण्यासाठी सोडून जाणार. दर दोन माणसांमागे एका माणसाचे अर्धे-अधिक स्नान भिंतीत मुरते. बारीक नळ, त्यावर उष्णतारोधक वेष्टन, आणि एकामागून एक लगेच स्नाने, एवढ्याने पुष्कळ घरांची टंचाई संपते. नळ भिंतीत गाडण्याआधी हा विचार कोणी करीत नाही. भिंत रंगवून झाल्यावर सर्वांना तो सुचतो.

झटपट पाणी देणाऱ्या छोट्या विजेच्या गीझरविषयी अपेक्षा अवास्तव असतात. ३ किलोवॅटचे यंत्र पाणी २५ अंशांनी वाढवून देते ते मिनिटाला पावणेदोन लिटरच. हात-तोंड धुण्यास ते उत्तम, पण त्यावर बादली भरण्यास नऊ-दहा मिनिटे लागतात, आणि नळ मोठा सोडला की पाणी थंड येते. तो बिघाड नव्हे. गॅसवर चालणारा गीझर मात्र मिनिटाला सहा लिटरांपर्यंत देऊ शकतो, कारण त्याची ज्योत दहा किलोवॅटांहून अधिक उष्णता देते. पाणी न संपण्याच्या कसोटीवर घरगुती यंत्रांत तोच पहिला येईल. पण ती ज्योत न्हाणीघरातली हवा खाते, आणि दारे-खिडक्या बंद असतील, थंडीमुळे झडपेलाही कापड कोंबलेले असेल, तर प्राणवायू अपुरा पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही; माणसाला गुंगी येते आणि तो आतल्या आत कोसळतो. दरवर्षी हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येतात, आणि त्यांत स्नानाला गेलेली तरुण माणसे असतात.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या आहेत. गीझरच्या सुरक्षा-व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडे थेंब पडतात. तापलेले पाणी फुगते आणि त्याला वाट हवी असते. भिंत ओली होते म्हणून तेथे बूच मारू नये. धार सतत लागली असेल तर व्हॉल्व्ह बदलावा. आणि गॅसचा गीझर खिडकीवाचूनच्या न्हाणीघरात बसवलेला असेल तर तो या थंडीच्या आधी बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर हलवून घ्यावा. मिस्त्री दिवाळी झाल्यावर येतो म्हणाला, तर तोवर तो बंद ठेवून पाणी चुलीवर तापवावे.